मेळघाटात जाऊनही पनीरच?

संपादक महोदय,

परतवाडा-धारणी एसटीवर माझी वाहक म्हणून बरीच नोकरी झाली. चिखलदऱ्याला येणाऱ्यांना सगळ्या पॉइंटांची नावं पाठ असतात, जेवायला मात्र पनीर मसाला नि नूडल्सच लागतात. अहो, त्यासाठी घाट कशाला चढायचा? सेमाडोह, हरिसाल ओलांडून थेट धारणीच्या आठवडी बाजारात उतरा. कोरकू आदिवासी बाया कुटकी (वरीसारखं बारीक भरडधान्य), मोहफुलं, रानभाज्या मांडून बसलेल्या असतात. कुटकीचा भात बारीक दाण्याचा, मोकळा. त्यावर तुरीचं पातळ वरण नि बाजूला मिरचीचा ठेचा असला, की माझ्यासारखा वऱ्हाडी माणूसही पोळी मागत नाही.

होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. पुढे रावणपुत्र मेघनाथाच्या जत्रा भरतात, रस्त्यावर फगवा, म्हणजे होळीचे पैसे मागतात. दहा-वीस रुपये हसून द्यावेत की! गाडीची काच वर करून आतून व्हिडिओ काढणारे पाहिले, की डोकं फिरते. नाचात बोलावलं तर जावं, त्यांच्या डोक्यावर ड्रोन उडवू नये.

पर्यटन विभागाने चिखलदऱ्याच्या हॉटेलांना एक तरी कोरकू पदार्थ ठेवायला लावावा, नि त्याची कुटकी बचत गटांकडूनच घ्यावी, दलालाकडून नाही.

– एक निवृत्त एसटी वाहक, ता. अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती