प्रोपेलर शेवटी निवडायची वस्तू नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्ह्यातल्या एका तरुणाने घरामागच्या शेडमध्ये छोटं विमान बांधल्याची बातमी गेल्या रविवारच्या अंकात वाचली आणि मनापासून आनंद झाला. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव सर्वांना ठाऊक आहेत. 2016 साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते विमान पाहिलं, पण नोंदणी व्हायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. तेव्हा या मुलाची वाट किती लांबची आहे याची मला कल्पना आहे.

बातमीत इंजिन किती अश्वशक्तीचं, पंख किती फुटांचे, खर्च किती आला, सगळं आहे. प्रोपेलरबद्दल मात्र एकच वाक्य आहे: पुढचा पंखा गावच्या सुताराकडून सागवानी फळीतून कोरून घेतला. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत 34 वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, केले. माझे जावई अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतात. त्यांनी गॅरेजमध्ये दोन आसनी अॅल्युमिनियमचं विमान बांधलं. दोन खेपा मिळून अकरा महिने मी तिथे होतो आणि त्या कामात हाताशी होतो. फोक्सवॅगन मोटारीच्या इंजिनावरून केलेलं 80 अश्वशक्तीचं इंजिन, मध्ये गिअर नाही, क्रँकशाफ्टवर थेट प्रोपेलर. सगळं जुळत आल्यावर त्यांनी कुणाचा तरी वापरलेला लाकडी प्रोपेलर स्वस्तात आणला. त्यावर शिक्का होता 54 बाय 48.

पहिला आकडा व्यास, इंचांत. दुसरा पिच. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जितका आत जातो, तितका प्रोपेलर हवेत एका फेऱ्यात पुढे जाईल असा हिशेब. 48 इंच पिच आणि मिनिटाला 3200 फेरे म्हणजे कागदावर ताशी 234 किलोमीटर. हवा लाकडासारखी घट्ट नसते, म्हणून प्रत्यक्षात घसर धरावी लागते. जावयांना वाटलं, पिच जास्त तेवढा वेग जास्त. पण विमान जागेवर जखडून पूर्ण थ्रॉटल दिला तर इंजिन 2650 वरच अडकायचं. चौथ्या गिअरमध्ये आंबा घाट चढायला घ्यावा तसं. ते इंजिन 80 अश्वशक्ती देतं ते 3200 च्या पुढे. तिथपर्यंत पोचूच दिलं नाही तर ऐंशीचे पैसे मोजून पूर्ण ऐंशी हाती लागत नाहीत. धावपट्टीवर दोनदा पळवून पाहिलं, दोन्ही वेळा त्यांनी थ्रॉटल मागे घेतला.

मग बनवणाऱ्याला इंजिन, विमानाचं वजन, अपेक्षित वेग, धावपट्टीची लांबी असं सगळं कळवून 54 बाय 44 मागवला. दोन्ही मी टेबलावर ठेवून कोनमापक लावला. मध्यापासून सव्वावीस इंचांवर, म्हणजे पात्याच्या पाऊण लांबीवर, जुन्याचा कोन 20.7 अंश, नव्याचा 19.1. फरक दीड अंशाहून जरासा जास्त. डोळ्याला तो दिसणारही नाही, पण तेवढ्या फरकाने इंजिन जागेवर 2950 फिरायला लागलं; उड्डाणात फेरे आणखी वाढतात. पिच याहून फार कमी केला असता तर उलटी गत: चढायला छान, पण सरळ उड्डाणात इंजिन मर्यादेपलीकडे पळणार. म्हणून म्हणतो, गावच्या सुताराचा हात कितीही सफाईचा असला तरी नुसत्या नजरेच्या अंदाजाने हे काम होत नाही. शिवाय हा कोन पात्यावर सगळीकडे सारखा नसतो. बुंध्याशी उभा आणि टोकाकडे सपाट होत जातो. दर काही इंचांवर टेम्प्लेट, म्हणजे त्या आकाराचा कापलेला पत्रा, लावल्याशिवाय दोन पाती सारखी उतरत नाहीत.

आणि एकसंध फळी नको. राइट बंधूंनी 1903 साली स्प्रूसच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून साडेआठ फुटांचे दोन प्रोपेलर स्वतः तासले होते. प्रोपेलर म्हणजे फिरणारा पंखच आहे हे ओळखून त्यांनी हिशेब मांडला, म्हणून जेमतेम 12 अश्वशक्तीचं इंजिन त्यांना पुरलं. आजही मेपल, बर्चच्या पट्ट्या चिकटवूनच करतात. एका फळीची मोठी चकती पावसाळ्यात कशी वाकते हे कोणताही पॅटर्न मेकर सांगेल. पात्यांचा कोन जमिनीवर पाना लावून बदलता येतो असे कार्बनचे प्रोपेलरही मिळतात. चांगले असतात, पण इंजिनाला गिअरबॉक्स असेल तर त्याला झेपेल तेवढ्याच भाराचा घ्यावा लागतो.

लाकडाची खरी परीक्षा बोल्टांवर होते. दुसऱ्या खेपेला मी नातवाच्या जन्मासाठी थंडीत गेलो होतो. फेब्रुवारीत एका दुपारी टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती आवळलाय ते दाखवणारा पाना, लावला, तर सहाचे सहा बोल्ट पाव फेरा सहज फिरले. उन्हाळ्याच्या दमट हवेत आवळलेलं लाकूड हीटरच्या कोरड्या हवेत आक्रसलं होतं. प्रोपेलर उतरवला. मागच्या बाजूला, जिथे तो फ्लँजला, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाच्या धातूच्या चकतीला, टेकतो, तिथे भाकरीवर पडावेत तसे तपकिरी डाग होते. इंजिनाची ताकद प्रोपेलरपर्यंत पोचते ती मुख्यतः त्या दोन पृष्ठभागांच्या घट्ट घर्षणातून. पकड सुटली की लाकूड फ्लँजवर घासतं, जळू लागतं आणि सगळा भार बोल्टांवर येतो. मग ते तुटतात. आपल्याकडे जूनमध्ये दारं फुगतात आणि मार्चमध्ये त्यांना फटी पडतात. त्या मुलाने ऋतू बदलला की बोल्ट तपासलेच पाहिजेत, पहिल्या उड्डाणानंतरही तपासले पाहिजेत. भरमसाट आवळायचेही नाहीत, त्याने तंतू चिरडतात.

अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला सुरुवातीला प्रवासी न नेता चाचणीचे तास उडवावे लागतात. इंजिन-प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर 25 तास, नसेल तर 40, अशी तिथली रूढ पद्धत. इंजिन आणि प्रोपेलर हा एकच जोड समजतात. जावयांच्या वाट्याला 40 आले आणि त्यांनी एकेक तास नोंदवून पूर्ण केला.

आता एक तक्रार, आपल्या अंकाबद्दलच. बातमीसोबतच्या छायाचित्रात इंजिन चालू आहे आणि दोन शाळकरी मुलं प्रोपेलरच्या अगदी रेषेत, शेजारी उभी आहेत. 54 इंची प्रोपेलरचं टोक 3200 फेऱ्यांना ताशी 800 किलोमीटरहून जास्त वेगाने फिरतं आणि डोळ्यांना दिसत नाही. पातं तुटलं तर तुकडा त्याच रेषेत बाहेर जातो. आमच्या गॅरेजसमोर जावयांनी त्या रेषेवर जमिनीवर लाल पट्टा मारला होता, आणि इंजिन चालू असताना त्या पट्ट्यावर कुणीही उभं राहायचं नाही, अगदी मीही नाही. असं छायाचित्र कृपया पुन्हा छापू नये.

त्या तरुणाला माझा निरोप द्यावा. तो फळीचा पंखा उतरवून ठेव. इंजिन कोणतं, गिअर किती, विमानाचं वजन किती, हे लिहून काढ. माझ्याकडे कोनमापक, टेम्प्लेटचे पत्रे आणि वेळ, तिन्ही आहे. त्याने बोलावलं तर एसटीने येईन.

आपला,
एक निवृत्त पॅटर्न मेकर, कोल्हापूर