फिलाडेल्फियातल्या त्या ११४ जणांना

आदरणीय मंडळी,

तुमची नावं मला ठाऊक नाहीत आणि कळायचा मार्गही नाही. १९९१ साली डॉ. डोना मॅन्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात तुम्ही फक्त ११४ रुग्ण आहात. १९८६ ते १९८९ या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तुमची हृदय प्रत्यारोपणासाठी तपासणी झाली. निकामी होत चाललेलं हृदय घेऊन तुम्ही अगदी दमछाक होईपर्यंत व्यायाम केलात. त्याबद्दल तुमचे आभार मानायला हे पत्र.

मी सीपेट करणारी तंत्रज्ञ आहे. सीपेट म्हणजे व्यायाम करताना हृदय आणि फुप्फुसं किती साथ देतात ते मोजणारी चाचणी. पेशंट सायकलवर बसतो, मी मास्क घट्ट बसवते, भार हळूहळू वाढत जातो आणि मशीन त्याचा श्वास मोजत राहतं. मास्कमुळे बोलता येत नाही, म्हणून अंगठ्याच्या खुणा ठरवून घेतो. पाय भरून येतात, धाप लागते, आणि नेमकं तेव्हाच मला म्हणावं लागतं, “अजून थोडं, काका, थांबू नका.” बाहेर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचं आत घेतलेल्या ऑक्सिजनशी प्रमाण १.०५ च्या वर गेलं नाही, तर माणूस खरंच दमला की आधीच थांबला हे कळत नाही. ते शेवटचं मिनिट काय असतं ते मी रोज जवळून बघते. तुम्ही ते सोसलंत, तेव्हा या चाचणीला आजच्याइतकं वजनही नव्हतं.

प्रत्यारोपणासाठी हृदयं थोडी आणि वाट पाहणारे जास्त. आधी कोणाला, हे ठरवायचं कशावरून? इकोत दिसणाऱ्या पंपिंगच्या टक्क्यावरून ते ठरत नाही, हे तुमच्यामुळेच स्पष्ट झालं. निबंधात तुमचे तीन गट केले होते, आणि तिन्ही गटांचं पंपिंग जवळपास सारखंच होतं. फरक पडला तो दमल्यावर शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं यात. ज्या ५२ जणांचा आकडा दर किलो वजनामागे मिनिटाला १४ मिलिलिटरच्या वर होता, त्यांचं प्रत्यारोपण पुढे ढकललं, आणि वर्षभरानंतर त्यांच्यापैकी ९४ टक्के हयात होते. त्यांना थांबवण्यात प्रत्यारोपणापेक्षा जास्त धोका नव्हता. १४ किंवा त्याहून कमी असलेल्या ३५ जणांना प्रत्यारोपणासाठी स्वीकारलं.

उरलेल्या २७ जणांशी मला वेगळं बोलायचं आहे. तुमचाही आकडा १४ च्या आतलाच होता, पण हृदयाबाहेरच्या अडचणींमुळे तुम्हाला नवं हृदय मिळणार नव्हतं. वर्षभराने तुमच्यापैकी ४७ टक्केच उरले. या चाचणीतून तुम्हाला स्वतःला काही मिळायचं नव्हतं, तरी तुम्ही ती केलीत. इतक्या कमी आकड्याचा माणूस नव्या हृदयाशिवाय किती जगतो, हे तुमच्यामुळे कळलं. तो निबंध वाचताना मी दर वेळी तुमच्या ओळीवर थांबते. तुमच्या घरच्यांपर्यंत हे पोहोचावं अशी फार इच्छा आहे.

नंतर बीटा ब्लॉकर म्हणजे हृदयावरचा ताण कमी करणाऱ्या गोळ्या आल्या, रुग्ण जास्त जगू लागले, आणि ती गोळी घेणाऱ्यांसाठी सीमा १२ वर आली. पूर्ण जोर लावता आला नाही, तर आता कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला किती हवा आत-बाहेर करावी लागते तेही बघतात. या दोन्हींच्या आलेखाचा उतार ३५ च्या वर गेला की काळजी. बायकांसाठी आणि पन्नाशीच्या आतल्यांसाठी नुसता आकडा पुरत नाही, वयानुसार अपेक्षित क्षमतेचे किती टक्के भरतात तेही पाहावं लागतं. कुठलाही एक आकडा एकट्याने निर्णय घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

रिपोर्ट हातात घेऊन नातेवाईक विचारतात, “मॅडम, ऑपरेशन आत्ताच लागेल का?” उत्तर डॉक्टर देतात. पण “अजून थांबता येईल” असं ते खात्रीने सांगू शकतात, त्यामागे तुम्ही ११४ जण आहात. तुमचे मनापासून आभार.

आपली ऋणी,
एक सीपेट तंत्रज्ञ