मातृभाषेचा रकाना

चि. ताई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्या श्रीलंकेवरच्या पेपराचं बोलताना तू म्हणालीस, "पप्पा, ती सिंहली आणि तमिळ माणसं शेकडो वर्षांची वैरी, कधीतरी भडकणारच होती." मला नीट बोलता आलं नाही, तुझी आई मधेच डब्याचं विचारत होती. म्हणून लिहितोय.

२०११ च्या जनगणनेला माझ्याकडे जतच्या पूर्वेकडची, कर्नाटक सीमेजवळची एक वस्ती होती. एका घरी मातृभाषा विचारली, तर म्हातारी म्हणाली, "आईशी कानडी, मालकाशी मराठी, म्हशीशी दोन्ही." घरभर हसू. रकाना मात्र एकच. मी कन्नड लिहिलं आणि पुढच्या दारात गेलो. म्हातारीला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्या रकान्यावर तिची पेन्शन अवलंबून नव्हती.

श्रीलंकेत ती वेळ आली. १९५६ साल बघ. आपल्याकडे त्या वर्षी भाषावार प्रांतरचनेचा कायदा झाला, आणि तिकडे पंतप्रधान बंडारनायके यांनी निवडणुकीतला शब्द पाळत सिंहली हीच एकटी राजभाषा केली. तमिळ कारकुनापुढे प्रश्न आला: सिंहली शिकायची की घरी बसायचं? पुढच्या वर्षी बंडारनायके यांनीच तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला होता, काही मधला मार्ग निघाला असता. पण विरोधी पक्षाचे जयवर्धने कँडीला मोर्चा घेऊन निघाले, पुढे भिक्खू पंतप्रधानांच्या दारात बसले आणि १९५८ मध्ये करार मोडला. १९५९ मध्ये एका भिक्खूनेच बंडारनायके यांना गोळ्या घातल्या. तुझ्या पेपरात या चढाओढीवर लिही. मतं आपल्याच लोकांची हवी असली की जो जास्त कडक बोलेल तो खरा, आणि समेटाचं बोलणारा घरभेदी.

सत्तरच्या दशकात मेडिकल, इंजिनीअरिंगला तमिळ मुलांना सिंहली मुलांपेक्षा जास्त गुण लागायला लागले. मास्तर म्हणून मला हे सगळ्यात जास्त बोचतं. कंदिलाशी बसून अभ्यास केलेल्या पोराला गुण असून दार बंद दिसलं, तर त्याला शांत राहा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग जुलै १९८३. जाफन्यात तमिळ बंडखोरांच्या हल्ल्यात तेरा सैनिक मारले गेले आणि कोलंबोत तमिळांची घरं, दुकानं पेटली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष कोण होते? तेच जयवर्धने. जाळणाऱ्यांच्या हातात मतदारयाद्या होत्या, घरं ओळखायला. शेकडो वर्षांचं वैर असतं, तर शेजाऱ्याचं घर शोधायला यादी कशाला लागली असती, ताई? त्यानंतरचं युद्ध २००९ पर्यंत चाललं. रवांडातही तेच: हुतू-तुत्सींची भाषा एक, पण बेल्जियमच्या राजवटीने ओळखपत्रावर जमात छापली. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावर अडवून ती ओळखपत्रं तपासली गेली आणि शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली.

आपल्या जतचंही तुला आठवत असेल. २०१२ मध्ये काही ग्रामपंचायतींनी कर्नाटकात जायचे ठराव केले होते. ते धरून २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी चाळीस गावांवर दावा सांगितला आणि टीव्हीवाल्यांच्या गाड्या आल्या. त्यांना भाषेचं भांडण हवं होतं, गावकरी मात्र म्हैसाळ सिंचन योजनेच्या पाण्याचं बोलत होते. पाणी वेळेवर पोचलं असतं तर ठरावच झाले नसते, असं माझं मत. तुझ्या काकाला ते पटत नाही. तो म्हणतो, तहान खरी, पण कुणीतरी भडकवायला बसलेलंच असतं. तोही चुकत नसावा.

गुड्डापूरला दानम्मादेवीला परवा जाऊन आलो. प्रसादाच्या रांगेत दोन्ही राज्यांची माणसं होती, आणि भांडण झालं ते फक्त चपलांवरून.

शेजारच्या आजींनी शेंगाहोळगी दिली आहे, एसटीने पाठवतो. कानडीत विचारत होत्या, "ताई यावाग बर्ताळ?" कधी येणार म्हणून. मी मराठीतच सांगितलं, दिवाळीला.

तुझे,
पप्पा