बटण फिरतं, शेजारी फिरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात पत्त्यांबद्दल काही छापून आलं की ते बहुतेक "जुगार अड्ड्यावर छापा" ह्याच हेडिंगखाली असतं, म्हणून आधीच सांगून टाकतो की आमच्याकडे पैसे लावत नाहीत. भाऊबीजेच्या रात्री आमच्या ठाण्याच्या घरी पोकरची टुर्नामेंट असते, जिंकणाऱ्याला कॅरममध्ये कधीतरी मिळालेला स्टीलचा कप वर्षभर सांभाळायला मिळतो आणि सगळ्यात आधी जो बाद होईल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसाठी मिसळ आणायची. सोळा माणसांची मिसळ, जादा पाव आणि तर्री वेगळी, हा खर्च काही कमी नाही, पण १८८७ च्या जुगार कायद्यात मिसळीचं कलम असेल असं वाटत नाही.

पूर्वी आम्ही आठच जण असायचो, एकच टेबल. मग घरातली जी पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून पोकर खेळत बसायची ती एकदम माणसांत आली, आता सोळा जण होतात, दोन टेबलं लागतात. एक हॉलमधलं डायनिंग टेबल आणि दुसरं म्हणजे आतल्या खोलीत कॅरमच्या स्टँडवर मोठं प्लायवूड आणि त्यावर सोलापुरी चादर (चादरीवरून पत्ते उचलायला फार बरे पडतात, सनमायकावरून नखं लावून उचलावे लागतात). आणि सोळा जण झाल्यापासून जी भांडणं सुरू झाली ती पत्त्यांवरून नाही, खुर्च्यांवरून. म्हणून हे पत्र.

तुम्ही म्हणाल खुर्चीचं काय एवढं, जो जसा येईल तसा बसेल. आम्हीही तेच म्हणायचो. पण माझे एक काका आहेत, ते साडेआठची वेळ दिली की साडेसातलाच येतात, चहा घेतात, आणि आमचे भावोजी कुठे बसतात ते बघून बरोब्बर त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची धरतात. मी कित्येक दिवस समजत होतो की त्यांना पंख्याखाली बसायचं असतं. पंखा वगैरे काही नाही हो. आमचे भावोजी म्हणजे पत्ते बघायच्या आधीच चिप्स पुढे ढकलणारा माणूस, हातात सत्ती-दुरी असली तरी रेझ करणार, म्हणजे बोली वाढवणार. पोकरमध्ये पाळी घड्याळाच्या काट्यासारखी डावीकडे फिरते, म्हणजे भावोजी आधी बोलणार आणि काका त्यांच्या नंतर. भावोजींनी काय केलं ते बघून काकांनी ठरवायचं, पत्ता बरा असेल तर चढवायचं, नसेल तर गपचूप टाकून द्यायचं. जवळजवळ दर डावाला. रात्रभर. आणि भावोजींच्या उजवीकडे जो बसला असेल त्याचे हाल, कारण त्याने थोड्या चिप्स घालून स्वस्तात पुढचे पत्ते बघू म्हटलं की मागून भावोजींचा रेझ येणारच.

(आमच्या आजीला हे डावीकडे फिरणं शेवटपर्यंत पचलं नाही, आमच्या घरी मेंढीकोट उजवीकडून फिरायचा, त्यामुळे ती पोकरमध्येही हटकून उजवीकडे पत्ते वाटायला लागायची आणि मग पहिल्यापासून पिसा.)

ह्यावर लोक एक मुद्दा काढतात, तोही ऐकण्यासारखा आहे, की डीलरचं बटण (म्हणजे डीलर कोण आणि शेवटी कोण बोलणार ते दाखवणारी खूण) तर दर डावाला एकेक खुर्ची सरकतं, म्हणजे शेवटी बोलायची संधी सगळ्यांना सारखीच मिळते, मग जागेचा फायदा राहतोच कुठे? तर बटण फिरतं हे खरं, आमच्याकडे बटण म्हणून कॅरमचा जुना स्ट्रायकर वापरतात तो टेबलभर फिरतो, पण शेजारी फिरत नाही ना! भावोजींकडे बटण किंवा मोठा ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधीच घालावी लागणारी मोठी बोली) असेल ते डाव सोडले तर काका भावोजींच्या नंतरच बोलणार, बटण बाकी कुठेही असो. स्ट्रायकरने हा फायदा धुऊन निघत नाही, तो निघायला बसायच्या जागाच नशिबावर सोडाव्या लागतात. लास व्हेगासची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर १९७० पासून चालू आहे आणि टुर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन नावाची जी संस्था २००१ मध्ये निघाली तिच्या नियमांतही जागा रँडम द्यायच्या हेच आहे. तिथे कुणी लवकर येऊन रुमाल टाकून ठेवत नाही. एसटीत ठीक आहे.

तर आम्ही ठरवलं की चिठ्ठ्या टाकायच्या. पहिल्या वर्षी वहिनींनी सोळा चिठ्ठ्या केल्या, टेबल १ च्या आठ आधी लिहिल्या, घड्या घातल्या, डब्यात टाकल्या, मग टेबल २ च्या आठ लिहिल्या त्या त्यांच्यावर पडल्या, डबा दोनदा हलवला आणि फिरवला. पहिल्या सहाजणांत पाच जण टेबल २ वर. माणूस डब्यात हात घातला की वरचीच चिठ्ठी उचलतो, तळापर्यंत कोण जातंय. आणि घरातले वडीलधारे आधी उचलणार हे ठरलेलंच, त्यामुळे सगळी अनुभवी मंडळी चादरीवर आणि नवशिकी पोरं डायनिंग टेबलावर असा प्रकार झाला. वहिनींवर कुणी हसू नका, अमेरिकेच्या सरकारकडूनही हेच झालंय. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी कुणाला सैन्यात आधी बोलवायचं हे ठरवायला १ डिसेंबर १९६९ ला जन्मतारखांची सोडत काढली होती, ३६६ तारखा प्लास्टिकच्या कॅप्सूलमध्ये घालून काचेच्या बरणीत, पण कॅप्सूल भरताना महिन्यांच्या क्रमाने भरल्या आणि नीट ढवळल्या नाहीत, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे नंबर भराभरा आधी लागले. आकडेशास्त्रवाल्यांनी ते लगेच पकडलं आणि पुढच्या वर्षी पद्धत बदलावी लागली. तिथे पोरांच्या जिवाचा प्रश्न होता, आमच्याकडे मिसळीचा, पण चूक तीच.

मग आम्ही चिठ्ठ्या सोडल्या आणि पत्त्यांवर आलो, आणि मला वाटतं घरच्या खेळाला ह्याहून सोपं काही नाही. बदामाची एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत आठ पानं म्हणजे टेबल १, इस्पिकची आठ म्हणजे टेबल २, पानावर जो आकडा ती खुर्ची. पिसताना मात्र आपण जे हातात धरून थोडे थोडे पत्ते वरून खाली टाकतो ना, ते फार कच्चं काम आहे, पत्त्यांचे झुपकेच्या झुपके तसेच राहतात. अमेरिकेतल्या डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस ह्या दोन गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की कॅट दोन भागांत करून फर्रकन एकमेकांत घुसवायची जी पद्धत आहे तीसुद्धा ५२ पानांना साधारण सात वेळा करावी लागते, आणि आपलं वरून खाली टाकणं त्याच्या जवळपासही येत नाही. म्हणून आम्ही सोळा पानं चादरीवर उलटी पसरतो आणि दोन्ही हातांनी मिनिटभर वरण-भात कालवल्यासारखी कालवतो. हे काम घरातल्या सगळ्यात लहान पोराला द्यावं, त्याला मजा येते आणि त्याच्यावर कुणी संशय घेत नाही.

एक गोष्ट आम्ही विसरलो होतो ती सांगतो, एक नंबरची खुर्ची कोणती हे पान उचलायच्या आधी ठरलेलं पाहिजे. आमच्याकडे पानं उचलून झाली आणि मग वाद, एक म्हणजे खिडकीपासून की दारापासून, आणि मोजायचं कुठल्या दिशेने. आता मास्किंग टेपवर आकडे लिहून खुर्च्यांच्या पाठीला चिकटवतो.

उशिरा येणारे हा आणखी एक प्रकार, घोडबंदर रोडवरून येणारे तर भाऊबीजेला कधी पोचतील ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सोळा येणार म्हणून सोळाच्या सोळा पानं मांडली आणि वेळेवर बाराच आले तर एका टेबलावर आठ आणि दुसऱ्यावर चार असंही होऊ शकतं. म्हणून जेवढी डोकी हजर तेवढीच पानं, बारा असतील तर दोन्ही रंगांच्या एक्का ते छक्की, आणि सत्त्या-अठ्ठ्या बाजूला ठेवायच्या. पहिला लेट आला की त्याला दोन सत्त्यांतून एक उचलू द्यायची, दुसऱ्याला उरलेली, मग अठ्ठ्या. नंतर माणसं बाद होत जातात, एका टेबलावर दोन माणसं जास्त झाली की तिथल्या ज्याचा मोठा ब्लाइंड येणार असेल तो उठून दुसरीकडे जातो, आणि शेवटचे आठ उरले की सगळ्यांनी परत पानं उचलायची. हे परत उचलणं काकांना सगळ्यात जास्त झोंबतं.

आणि आता खरं भांडण. मागच्या वर्षी सगळं नीट केलं, पोराने पानं कालवली, सगळ्यांसमोर उचलली, आणि माझे दोन साडू आणि मेव्हणा असे तिघेही एकाच टेबलावर आले. झालं! "सासरवाडीचं टेबल", "सेटिंग आहे", "पोराला शिकवून ठेवलंय". मी रात्री कागदावर मांडून बघितलं. पहिला कुठेही बसो, दुसरा त्याच टेबलावर यायची शक्यता १५ मध्ये ७, मग तिसऱ्याची १४ मध्ये ६, गुणाकार केला तर बरोब्बर पाचात एक. म्हणजे पाच दिवाळ्यांत सरासरी एकदा हे होणारच, आणि ज्या दिवाळीत होईल त्याच दिवाळीत लोक बोलणार, बाकीच्या चार कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. नवरा-बायको शेजारी-शेजारी येण्याचंही तसंच, एका जोडप्यासाठी १५ मध्ये २, पण आठच्या आठ जोडपी खेळत असली तर दर वेळी सरासरी एकाहून किंचित जास्तच जोडपी खांद्याला खांदा लावून बसणार. मग कुणीतरी म्हणतं "ह्यांना जरा हलव ना, एकमेकांना वाचवतायत". मी हलवत नाही. एकदा पान उचललं की उचललं, कारण एक जोडपं हलवलं की दुसरं म्हणतं आम्हाला पण, मग कुणाला एसी लागतो, कुणाला किचन जवळ हवं, आणि तासाभरात परत काका भावोजींच्या डावीकडे. जोडपी वेगळी करायचीच असतील तर तसा नियम पानं मांडायच्या आधी सांगा, टॉस करून एकाने बदामातून उचलायचं आणि दुसऱ्याने इस्पिकातून. मला स्वतःला ते आवडत नाही, बायको समोर बसलेली असताना तिचा ब्लफ पकडायचा आनंद वेगळाच असतो, पण निदान ते आधी ठरलेलं असतं.

पोरं म्हणतात एवढं कशाला, अ‍ॅप आहे, नावं टाका, दोन सेकंदांत जागा मिळतात, म्हाडाची सोडतसुद्धा कॉम्प्युटरवर निघते. बरोबर आहे, आणि अ‍ॅप आमच्या पोराच्या हातांपेक्षा जास्त चांगलं कालवत असेल. आम्ही एकदा केलंही. माझ्या फोनवर जागा आल्या, मी वाचून दाखवल्या, आणि आत्या शांतपणे म्हणाली, "फोन तुझा, आणि बरी जागा तुझ्याच बायकोला." माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच काही केलं नव्हतं मी, पण ते दाखवणार कसं? आवडती यादी येईपर्यंत चारदा बटण दाबता येतं हे आत्यालाही माहितीय. स्वतःच्या हाताने पान उचललेला माणूस कुरकुर करतो, पण नशिबाच्या नावाने करतो, माझ्या नावाने नाही.

तर संपादकसाहेब, एक विनंती, हे पत्र दिवाळीच्या आधी छापता आलं तर बरं होईल. काका चाळीस वर्षं तुमचाच पेपर घेतात आणि पेपरात आलेलं सोडून दुसरं काही खरं मानत नाहीत. मी सांगितलेलं तर नाहीच. ह्या वेळी त्यांनी मला आधीच फोन करून कळवलंय की ते सातलाच येणार आहेत.

आपला,
एक वाचक, ठाणे