पत्ता नसलेला पहारेकरी

गणपती पेठ, सांगली

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. साताऱ्याच्या अभ्यासिकेत मुलांची संख्या वाढली आहे, कोणाच्या यंत्रातून काय आत येते आणि काय बाहेर जाते याचा पत्ता लागत नाही, आणि राउटरचा पासवर्ड सेवा देणाऱ्या कंपनीकडेच असल्यामुळे तुला त्याला हात लावता येत नाही, हे सर्व वाचले. मामांच्या पेढीवर मी बसवलेल्या पारदर्शक फायरवॉलविषयी, म्हणजे जाळ्यातल्या कोणालाही न दिसता येणारी-जाणारी वाहतूक तपासणाऱ्या यंत्राविषयी, फोनवर आपले अर्धवट बोलणे झाले होते, ते आता सविस्तर लिहितो. यात मी कुठे चुकलो तेही क्रमाने सांगतो, म्हणजे तुझे तेवढे दिवस वाचतील.

आधी पेढीवरची परिस्थिती सांगतो. हळद आणि गुळाचा व्यवहार, अकरा संगणक, दोन प्रिंटर, वजनकाट्याला जोडलेले एक यंत्र आणि सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, एवढाच पसारा आहे. यातल्या प्रिंटरना, काट्याच्या यंत्राला आणि डीव्हीआरला कायमचे आयपी पत्ते, म्हणजे जाळ्यातले ओळखक्रमांक, कोणी कधी घालून दिले ते आता कोणालाही आठवत नाही; ती माणसेही काम सोडून गेली. सौद्याच्या दिवसांत पावती पाच मिनिटे अडली तरी दारात गाड्यांची रांग लागते. अशा ठिकाणी नवा राउटर आणून सगळ्यांचे पत्ते बदलणे म्हणजे चालत्या गाड्याला खीळ घालणे. म्हणूनच मी ब्रिजचा मार्ग धरला. त्याच्यासाठी कोणत्याही यंत्रावर एक अक्षरसुद्धा बदलावे लागत नाही.

ब्रिज म्हणजे काय, ते तुला ठाऊकच आहे, तरी एकदा मांडतो, कारण पुढच्या सगळ्या चुका हे नीट न समजल्यामुळेच झाल्या. जुन्या डेस्कटॉपमध्ये दोन लॅन कार्डे वाढवली, त्यावर डेबियन लिनक्स घातले आणि तीनपैकी दोन कार्डे एकत्र करून त्यांचा एक ब्रिज केला. या ब्रिजला मी आयपी पत्ता दिलाच नाही. एका कार्डावर आलेली फ्रेम, म्हणजे केबलवरून जाणारा माहितीचा एक गठ्ठा, तो दुसऱ्या कार्डावरून जशीच्या तशी पुढे देतो आणि कोणता मॅक पत्ता, म्हणजे लॅन कार्डाचा स्वतःचा क्रमांक, कोणत्या बाजूला आहे, हे येणाऱ्या फ्रेमांवरून आपोआप शिकत राहतो. राउटर फ्रेमच्या आतल्या प्रत्येक आयपी पॅकेटचा टीटीएल, म्हणजे त्याला आणखी किती टप्पे जाता येईल तो आकडा, एकाने कमी करतो. ब्रिज त्याला हात लावत नाही. त्यामुळे बसवण्याच्या आधी आणि नंतर वाटेतले टप्पे दाखवणारे ट्रेसराउट चालवून पाहिले, तेव्हा दोन्ही याद्यांत एका टप्प्याचाही फरक नव्हता. ज्याला पत्ता नाही त्याला बाहेरून कोणी हाक मारू शकत नाही, आणि तरीही प्रत्येक फ्रेम त्याच्या हातातून जाते, हेच त्याचे बळ आहे.

आता पहिली आणि सर्वांत मोठी चूक. पहारा वेशीवरच हवा, या समजुतीने मी हे यंत्र फायबरच्या डब्याच्या आणि राउटरच्या मध्ये बसवले. नियम लिहिले, प्रत्येक नियमापुढे मोजणी लावली आणि वाट पाहत बसलो. इंटरनेट उत्तम चालू होते, पण तासाभरानंतरही सर्व मोजण्या शून्यावरच होत्या. कोणतीच फ्रेम एकाही नियमात बसत नव्हती. मग वाहतूक उघडून दाखवणारे टीसीपीडंप लावून नुसत्या फ्रेमा वाचल्या, तेव्हा कोडे सुटले. आमचा राउटर पीपीपीओई पद्धतीने कंपनीशी जोडला जातो, म्हणजे राउटरच्या पलीकडे आयपीचे प्रत्येक पॅकेट आणखी एका वेष्टनात जाते. साध्या आयपीव्ही४ च्या, म्हणजे आयपीच्या जुन्या पद्धतीच्या, फ्रेमवर ०८०० हा प्रकार-क्रमांक असतो. या फ्रेमांवर ८८६४ होता. माझे नियम आयपीची वाट पाहत होते आणि आयपी त्यांच्यासमोरून पाकिटात बंद होऊन जात होते. शिवाय पाकीट फोडले असते तरी उपयोग नव्हता, कारण त्या जागी येईपर्यंत राउटरने सर्व यंत्रांचे पत्ते बदलून एकच केलेला असतो. डीव्हीआर कोणता आणि दिवाणजींचा संगणक कोणता, हे तिथे कळण्याची सोयच नसते. यंत्र उचलले आणि राउटरच्या आतल्या बाजूला, राउटर आणि सगळ्या यंत्रांच्या केबल जोडलेला स्विच यांच्या मध्ये ठेवले, आणि त्याच क्षणी मोजण्या हलू लागल्या. म्हणून मी तुला कळकळीने सांगतो, नियमांची वही उघडण्यापूर्वी केबल कुठून कुठे जाते याचा नकाशा कागदावर काढ. नियम चुकला तर तो दुरुस्त करता येतो. जागा चुकली तर उत्तमातला उत्तम नियमही वाया जातो.

जागा बदलल्यावर नकाशातली दुसरी चूक दिसली. राउटरचे स्वतःचे वायफाय चालू होते आणि सर्वांचे मोबाइल त्यावर होते. म्हणजे माझा ब्रिज स्विचकडची बाजू राखत होता आणि मोबाइल राउटरच्या बाजूला, पहाऱ्याच्या बाहेर मोकळे होते. त्यांच्यातून इंटरनेटकडे जाणारी एकही फ्रेम मला दिसत नव्हती. कंपनीला फोन करून राउटरचे वायफाय बंद करून घेतले आणि स्विचला वायफाय देणारा आमचा स्वतःचा अॅक्सेस पॉइंट जोडला. तुझ्या अभ्यासिकेत बहुतेक सगळी मुले वायफायवरच असणार, तेव्हा हे काम तुला पहिल्याच दिवशी करावे लागेल.

त्यानंतर चार दिवस मी काहीही अडवले नाही, नुसते पाहिले. हा काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. डीव्हीआर रात्रंदिवस बाहेरच्या पत्त्यांशी बोलत होता, पेढी बंद असतानाही. एवढेच नव्हे, तर त्याने यूपीएनपीच्या, म्हणजे यंत्रांना राउटरकडे परस्पर दार मागू देणाऱ्या सोयीच्या, मार्गे राउटरकडून आपल्यासाठी एक दार उघडून घेतले होते आणि त्या दारातून अनोळखी ठिकाणांहून त्याच्याकडे जोडणीचे प्रयत्न येत होते. हे आमच्यापैकी कोणीही मागितले नव्हते. मामांना मी लॅपटॉपच्या पडद्यावर त्या ओळी एकामागून एक सरकताना दाखवल्या, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आपल्या गल्ल्याचं चित्र यातनं बाहेर जात असेल, तर आधी ते बंद कर."

याच दिवसांत आयपीव्ही६ ची, म्हणजे आयपीच्या नव्या पद्धतीची, गोष्टही ध्यानात आली. आयपीव्ही४ मध्ये राउटर पत्ते बदलत असल्यामुळे आतली यंत्रे बाहेरून थेट दिसत नाहीत आणि आपल्याला वाटते की आपण झाकलेले आहोत. आयपीव्ही६ मध्ये मात्र प्रत्येक संगणकाला जगभर ओळखला जाणारा स्वतःचा पत्ता मिळू शकतो आणि पेढीवर तो मिळालेलाही होता. त्या फ्रेमांचा प्रकार-क्रमांक ८६डीडी. नियम फक्त आयपीव्ही४ चे लिहिले आणि उरलेले सोडून दिले, तर पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडे, अशी अवस्था होते. दोन्हींचे नियम एकाच वेळी लिही.

नियम तसे थोडकेच आहेत. ते मी एनएफटेबल्सच्या, म्हणजे लिनक्समधल्या फायरवॉलच्या सोयीच्या, ब्रिज कुळात लिहिले. इथे एक काळजी घे. ब्रिजवर जोडणीची आठवण ठेवण्याची, म्हणजे हे पॅकेट आतून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे की बाहेरून नव्याने आलेले आहे हे ओळखण्याची सोय, एनएफटेबल्समध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ५.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आली. त्याहून जुने कर्नल असेल तर ब्रिजवरची वाहतूक वेगळ्या मॉड्यूलमार्फत आयपीटेबल्स या जुन्या सोयीकडे वळवावी लागते आणि ते गुंतागुंतीचे होते. त्यापेक्षा सरळ नवी आवृत्ती घालावी. आतून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना परवानगी, बाहेरून फक्त त्यांची उत्तरे आत, डीव्हीआरला बाहेरचे जग पूर्ण बंद, आणि उरलेले सर्व अडवायचे, असा आमचा मूळ आराखडा आहे. मात्र एआरपीला, म्हणजे ०८०६ या फ्रेमांना, मोकळी वाट द्यायलाच हवी. कोणत्या आयपीचा मॅक पत्ता कोणता, हे विचारणेच थांबले, तर राउटर आणि संगणक एकमेकांना सापडणार नाहीत. आयपीव्ही६ मध्ये हेच काम आयसीएमपीव्ही६ करतो, म्हणून त्याचे १३३ ते १३६ हे प्रकारही सोडावे लागतात.

हे सगळे सांभाळूनही एके सकाळी पेढी अडली. आदल्या संध्याकाळी "उरलेले सर्व अडव" हा शेवटचा नियम लावून मी निर्धास्त घरी गेलो होतो. सकाळी साडेनऊला दिवाणजींचा फोन आला की तीन संगणक लागले, पण इंटरनेट नाही. जाऊन पाहतो तो त्या तिघांवर १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते, म्हणजे राउटरने त्यांना पत्ता दिलाच नव्हता. कारण शोधायला मला दुपार झाली. पत्ता मागणारा संगणक स्वतःचा पत्ता नसल्यामुळे शून्यांच्या पत्त्यावरून सर्वांना उद्देशून हाक मारतो आणि राउटर उत्तर देतो ते स्वतःच्या पत्त्यावरून. ब्रिजच्या आठवणीत हे उत्तर त्या हाकेशी जुळत नाही. त्याला ते बाहेरून आलेले नवे पॅकेट वाटते आणि तो ते टाकून देतो. ज्या संगणकांच्या जुन्या पत्त्यांची मुदत शिल्लक होती, ते चालले. ज्यांची संपली होती, ते अडले. राउटरच्या ६७ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवरून ६८ वर येणाऱ्या डीएचसीपीच्या, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याच्या पद्धतीच्या, उत्तरांना वेगळी परवानगी देणारी एक ओळ घातली आणि प्रश्न मिटला. तुझ्याकडे रोज नवी मुले, नवे मोबाइल येणार, त्यामुळे ही ओळ विसरलास तर पहिल्याच दिवशी ओरड होईल. आणि शेवटचा नियम संध्याकाळी लावून घरी जाऊ नकोस. सकाळी, सगळे कामावर असताना लाव आणि तिथेच बस.

त्या दिवशी मी शोधत बसलो तरी पेढीचे काम मात्र दहा मिनिटांतच सुरू झाले होते, कारण यंत्राला दोरीने बांधून ठेवलेली एक लांब पॅच केबल. अडचण आली तर ब्रिजच्या दोन्ही केबल काढून राउटर आणि स्विच या केबलने थेट जोडायचे, एवढे मी दिवाणजींना शिकवून ठेवले आहे. पत्ते कुठेच बदललेले नसल्यामुळे यंत्र मधून काढले तरी बाकीच्यांना काही फरक पडत नाही. हा गुण दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या फायरवॉलमध्ये मला इतक्या सहज मिळाला नसता. मात्र ही केबल जोडताना ब्रिजच्या केबल आधी काढल्याच पाहिजेत, हे मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले आहे. दोन्ही वाटा एकाच वेळी जोडल्या तर फेरा तयार होतो, आणि इथरनेटच्या फ्रेममध्ये टीटीएलसारखे काही नसल्यामुळे सर्वांना उद्देशून गेलेली एकच फ्रेम त्या फेऱ्यात फिरतच राहते. स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी थरथरू लागले की समजावे. फेरे ओळखून एक वाट आपोआप बंद करणारा स्पॅनिंग ट्रीचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी या कंपनीत काम करताना शोधून काढला. तो मी ब्रिजवर चालू ठेवला आहे. त्यामुळे यंत्र सुरू झाल्यावर अर्धा मिनिट काहीच पुढे जात नाही. पंधरा सेकंद ऐकण्याची आणि पंधरा शिकण्याची, असा तो वेळ आहे. तेवढ्यात घाबरून केबल उपसू नयेस.

यंत्र मी माळ्यावर, छताखालच्या फळीवर ठेवले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये इथल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची खूण ओलांडली, धोक्याची पातळी ४५ ची असताना. तेव्हापासून या पेठेत जमिनीवर विजेचे यंत्र ठेवायला कोणाचा हात धजत नाही. दर महिन्याला मी झाकण उघडतो, तेव्हा पंख्याच्या पात्यांवर आणि लॅन कार्डांच्या खोबणीत हळदीची पिवळी पूड बसलेली असते. ती कोरड्या कुंचल्याने झाडतो. त्याच वेळी तिसरे कार्ड स्विचला जोडून यंत्राचे अपडेट घेतो आणि लगेच काढून ठेवतो. ते कार्ड ब्रिजमध्ये नाही आणि पत्ता असलेले तेवढे एकच आहे.

आता तुझ्या अभ्यासिकेपुरते. एकाच स्विचवरची दोन यंत्रे आपापसात बोलतात, ते या ब्रिजला दिसत नाही. त्यामुळे एका मुलाच्या लॅपटॉपमधला विषाणू शेजारच्या लॅपटॉपकडे जाणे तो थांबवू शकणार नाही. त्यासाठी अॅक्सेस पॉइंटमध्येच जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची सोय असते, ती चालू कर. मुले कोणत्या पत्त्यांशी जोडली जातात हे कळेल, पण पान कोणते वाचतात हे एनक्रिप्शनमुळे कळणार नाही, आणि ते कळू नये असेच माझे मत आहे.

कागदावर नकाशा काढ. फायबरचा डबा, राउटर, स्विच, अॅक्सेस पॉइंट, सगळे मांड, आणि प्रत्येक केबलवर ती कुठून कुठे जाते ते लिही. राउटर पीपीपीओईवर आहे का आणि आयपीव्ही६ चालू आहे का, हेही कंपनीला विचारून त्यावर नोंदव. त्याचा फोटो पाठव. मी त्यावर ब्रिजची जागा खूण करून परत पाठवतो, आणि बसवायच्या दिवशी पहाटेच्या एसटीने स्वतः येतो.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सांगलीचा मित्र