लुगडं न कापणाऱ्या शिंपीणमावशींना

मावशी,
सा. न. वि. वि.

हे मोबाइलवर लिहितेय, नातीकडून वाचून घ्या.

आजीचं डाळिंबी इरकल तुमच्या मशीनवर टाकून मी म्हणाले होते, "याचा अनारकली शिवा. छाती ४४ धरा, बाह्या मनगटापर्यंत." तुम्ही टेप लावलीत, म्हणालात, "४० आहेस. वरचे चार इंच कुणासाठी?"

कॉलेजात कुणीतरी मला 'बरणी' म्हटलं होतं. तेव्हापासून राखाडी, काळं आणि ढगळ. वीस वर्षं! तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

मग तुम्ही पदर उलटा केलात आणि जोडावरून माझं बोट फिरवलंत. बारीक खरखर लागली. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती; पदराचा रेशमी. दोन्ही वेगळे लावून मागावर एकेक सूत फाशात अडकवून जोडतात, म्हणून प्रत्येक लुगड्याला स्वतःचा ताणा. पदरावर लालचे तीन पट्टे, मधे दोन पांढरे. तुमचं माहेर बागलकोटकडचं, तुम्हाला हे सगळं हातानंच ठाऊक. "याला कातरी लावणार नाही. आधी नेसून बघ."

हातातलं काम सोडून तुम्ही मला पडद्यामागे नऊ वार नेसवलंत. इलॅस्टिकची शिवलेली नऊवारी माझ्या गळ्यात मारता आली असती, शिलाईही मिळाली असती. उलट चहा पाजलात. ओचा तीनदा सुटला. चौथ्यांदा मी स्वतः खोचला, काष्टा ओढला आणि दुकानात चार पावलं टाकली. मी एवढ्या मोठ्या ढांगा टाकते हे मलाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं ओढणी सावरत चालण्यात ते लपलं होतं.

परवा तेच नेसून स्कूटरवर ऑफिसला गेले. काष्ट्यामुळे पाय टाकून बसता येतं, हे आजीच्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नसेल. "आज काय प्रोग्रॅम?" असं तिघींनी विचारलं. म्हटलं, "मंगळवार." एकीला ते उद्धट वाटलं. वाटो. जेवणाच्या सुट्टीत तिनंच पदर हातात घेऊन जोड शोधला.

राखाडी कुर्ते टाकले नाहीत हं, त्यातले दोन मला खरंच आवडतात. बाकीचे कुणाच्या धाकानं घेतले होते ते आता कपाट उघडलं की कळतं.

मावशी, मनापासून आभार. गुळेदगुड्डचा खण मिळालाय, हिरवा. शनिवारी आणते. वहीत ४० च लिहा, आणि बाही आखूड ठेवा.

तुमची,
अनारकलीवाली