मूळ पॅटर्नला रंधा

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या टपरीवर तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात, त्याला आता वर्ष होत आलं. तुमच्या लक्षातही नसेल. माझ्या कामाची पद्धत मात्र त्या प्रश्नानं बदलली, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

त्या दिवशी गिऱ्हाइकाकडून एक सर्किट बोर्ड परत आला होता. आमच्या टेस्टला पास, त्यांच्या मशीनमध्ये बंद. दोन दिवस डोकं फोडल्यावर मोठ्या चिपखालचे चार जोड ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेले, निघाले. या चिपचे जोड तिच्या पोटाखाली असतात, तिथं मल्टिमीटरची टोकं पोचत नाहीत. म्हणून तर आम्ही जेटॅगनं तपासतो: चिपच्या आत पिनेपाशी सेल असतात, त्यांतून सिग्नल सोडायचा आणि पलीकडच्या चिपमध्ये काय आलं ते वाचायचं. कुठल्या पिनेला कुठला सेल, हे सॉफ्टवेअरला सांगते ती बीएसडीएल फाइल. ती चिप बनवणाऱ्या कंपनीकडून येते. जेटॅगचं स्टँडर्ड १९९० चं, ही फाइल लिहायची रीत त्यात १९९४ मध्ये आली. एकदा आणलेली फाइल पुढच्या दहा बोर्डांना चालते, त्यामुळे आम्ही सगळ्या एका सामायिक लायब्ररीत ठेवतो.

घोळ तिथंच होता. त्या चार पिना फाइलीत 'लिंकेज' केलेल्या होत्या, म्हणजे यांना हात लावू नका. कंपनीच्या फाइलीत तसं काही नव्हतं. जुन्या एका बोर्डावर त्या पिनांवर रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, होते, टेस्ट चालू असताना ते खटाखट ओढायला नकोत म्हणून आमच्यातल्या कुणीतरी ही दुरुस्ती केलेली. त्या बोर्डापुरती ती बरोबरच होती, पण केली लायब्ररीतल्या फाइलीत, नावही तेच ठेवून. करणारा केव्हाच पुण्याला गेलेला. कुठल्या पिना तपासल्या जातात ते सांगणाऱ्या कव्हरेज रिपोर्टात चार पिना कमी दिसत होत्या, त्या मीच पाहिल्या नाहीत.

तुमच्यासारख्या फाउंड्रीच्या, ओतकामाच्या माणसाला हे सगळं का सांगत बसलो कोण जाणे. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "म्हंजे मूळ पॅटर्नलाच रंधा मारला व्हय रं?"

मग मला तुमच्या पॅटर्न स्टोअरमध्ये नेलंत, म्हणजे वाळूत साचा उठवायचे लाकडी नमुने ठेवता तिथं. लाकडाचा वास, रॅकवर नंबर घातलेले पॅटर्न, शेजारी त्यांचे कोअर बॉक्स, म्हणजे आतली पोकळी राखणारे वाळूचे गाभे बनवायच्या पेट्या. तुम्ही एक पॅटर्न हातात दिलात. "हे बिडाचं. मीटरला दहा मिलिमीटर जास्त धरलंय. यातनं स्टील ओतलं तर माप लहान येणार, थंड होताना स्टील दुप्पट आकसतंय. आकार तोच दिसतोय, म्हणून चालंल असं नव्हं." मला लगेच चिपचं पॅकेज, म्हणजे बाहेरचं कवच, आठवलं. एकच चिप दोन पॅकेजमध्ये येते, आयडी कोडही बहुतेक तोच, पण पिनांची मांडणी वेगळी. ३२ बिटांचा कोड जुळला म्हणजे फाइल बरोबर, असं मी तोवर समजत होतो.

तुमची नोंदवही अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये, कारण मोल्डिंगवरचे गडी गोकाककडचे. पॅटर्न कुणी नेला, कधी आणला, काय बदललं, सगळं त्यात. बदल मोठा असला की नवा नंबर, जुना तसाच रॅकवर.

मी परत जाऊन तेच केलं. कंपनीच्या फाइली रीड-ओन्ली. नावात पार्ट नंबर, पॅकेज आणि आवृत्ती. बोर्डापुरता बदल हवा तर प्रत त्या प्रोजेक्टच्या फोल्डरात, आणि सॉफ्टवेअर आधी तिथं बघेल, मग लायब्ररीत, अशी सेटिंग. फाइलीच्या डोक्यावर दोन आडव्या रेघा मारून टीप लिहायची: काय बदललं, का, कुठल्या बोर्डासाठी. रेघांपुढचं सॉफ्टवेअर वाचत नाही, माणसानं वाचायचं. मेमरी आणि बफर चिप कशा वागतात ते सांगणाऱ्या मॉडेल-फाइलीही याच शिस्तीत आणल्या. जुन्या फाइली कंपनीच्या फाइलींशी ताडून बघताना अशाच रंधा मारलेल्या आणखी तीन सापडल्या. त्यातली एक माझीच होती.

तुमची सुतारी पेन्सिल त्या दिवशी माझ्या खिशात राहिली. रविवारी कुंदा घेऊन येतोय, तेव्हा परत करतो.

तुमचा,
पलीकडच्या शेडमधला टेस्टिंगवाला